रडणारी बाहुली, 16 तासिका की वर्षभराचे काम?

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मुलांच्या शाळेच्या पालक समितीवर असलेल्या मराठी पालकांपुढे किशोरवयातील गर्भधारणा टाळण्याचे जे कार्यक्रम येतात, त्यांत चटकन पसंत पडते ती रडणारी बाहुली. शुक्रवारी मुलगी ती घरी नेते. रात्री-अपरात्री उठून तिला दूध पाजायचे, ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, आणि हयगय झाली की त्याची नोंद बाहुलीच्या पोटातल्या यंत्रात होते. कल्पना कोणालाही पटावी अशी आहे, पण परिणाम उलटा निघाला. ऑस्ट्रेलियातील पर्थमधील 57 शाळांतल्या 13 ते 15 वर्षांच्या 2,800हून अधिक मुलींचा विसाव्या वर्षापर्यंत माग ठेवला गेला. 2016 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार बाहुली सांभाळलेल्यांपैकी 17 टक्के, तर नेहमीचेच आरोग्यशिक्षण मिळालेल्यांपैकी 11 टक्के मुली गरोदर राहिल्या होत्या. दोन दिवस घरभर जिचे कौतुक होते, त्या बाहुलीने धाक कसा बसावा, असे मला वाटते.

‘रिड्यूसिंग द रिस्क’ हा 16 तासिकांचा अभ्यासक्रम वेगळ्या वाटेने जातो. “घरी कोणी नाही, ये ना,” या आग्रहाला नकार कसा द्यायचा, हे मुले जोडीने मोठ्याने म्हणून पाहतात आणि दुकानात जाऊन गर्भनिरोधकांची माहिती काढून आणतात. कॅलिफोर्नियातील पाहणीत 18 महिन्यांनंतर शरीरसंबंध सुरू करणाऱ्यांचे प्रमाण घटलेले दिसले. गर्भधारणेत मात्र ठळक फरक आढळला नाही.

‘टीन आउटरीच प्रोग्रॅम’मध्ये लैंगिकतेचा विषय थोडाच असतो. वर्षभर दर आठवड्याला चर्चा आणि किमान 20 तास समाजसेवा, असे त्याचे स्वरूप आहे. 1997 च्या अभ्यासात त्यातील 4.2 टक्के, तर तुलनेच्या गटातील 9.8 टक्के विद्यार्थ्यांच्या बाबतीत गर्भधारणेची नोंद झाली. पुढच्या मूल्यमापनांत असे यश सर्वत्र आले नाही.

हे आकडे महाराष्ट्रात जसेच्या तसे लावता येणार नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. म्हणजे येथे मुलीला नकार बहुधा मित्राला नव्हे, तर स्वतःच्या वडिलांना द्यावा लागतो, आणि त्याचा सराव या तिन्हींपैकी एकातही नाही.

परदेशातील समितीने मात्र वर्षभर टिकणारा प्रशिक्षित शिक्षक असेल तर तिसरा कार्यक्रम घ्यावा, नसेल तर 16 तासिका घ्याव्यात. बाहुलीवर पैसे घालू नयेत.