पीएनसी पार्क : शर्यतीतून बाद झालेल्या दोन संघांची मालिका पाहण्यासाठी

पिट्सबर्ग पायरेट्स आणि सिनसिनाटी रेड्स हे बेसबॉलच्या नॅशनल लीगमधील मध्य विभागाचे जुने प्रतिस्पर्धी आहेत. सप्टेंबरच्या अखेरीस ते समोरासमोर येणार असतील आणि तोवर दोघांचीही प्लेऑफची, म्हणजे मोसमानंतरच्या विजेतेपदाच्या फेरीची, आशा मावळलेली असेल, तर त्या मालिकेचे तिकीट काढावे का? सामने पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कवर असतील, तर माझे उत्तर निःशंकपणे होकारार्थी आहे. २०२४च्या मोसमात १६२ सामन्यांअंती रेड्सचे ७७ विजय झाले होते आणि पायरेट्सचे ७६. पाच संघांच्या विभागात चौथा आणि पाचवा क्रमांक. २०२२पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात, त्यामुळे आशा पूर्वीपेक्षा उशिरापर्यंत टिकते खरी. पण ती संपली की गुणतक्त्यात पाहण्यासारखे काही राहत नाही. राहतो तो खेळ, आणि तो जवळून पाहण्यासाठी यापेक्षा चांगले मैदान मला माहीत नाही.

मैदानाकडे जाताना शहराच्या मध्यभागातून पायरेट्सचे थोर खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते यांच्या नावाच्या पुलावरून पायीच जावे. सामन्याच्या दिवशी हा पूल वाहनांसाठी बंद ठेवला जातो, त्यामुळे अ‍ॅलेगेनी नदी ओलांडताना पिवळसर चुनखडीच्या दगडातील मैदानाची बाहेरची भिंत हळूहळू जवळ येताना दिसते. चालणे शक्य नसेल, तर मध्यभागातून नदीपलीकडे जाणारी शहरी रेल्वे विनामूल्य आहे.

मैदान २००१मध्ये खुले झाले आणि त्यात सुमारे ३८ हजार प्रेक्षक बसतात. सज्जे दोनच आहेत, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. अनेक मोठ्या मैदानांत वरच्या सज्ज्यातून पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) हातातील चेंडू हा केवळ अंदाजाचा विषय असतो. येथे तो नीट दिसतो, वळतानाही दिसतो. जागा निवडताना होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागचा किंवा थर्ड बेसच्या (धावताना गाठायच्या तिसऱ्या टप्प्याच्या) बाजूचा वरचा सज्जा घ्यावा. तेथून मैदान, नदी आणि पलीकडच्या उंच इमारती एकाच दृष्टिक्षेपात येतात. यजमान संघाचा डगआउट (खेळाडूंची बसण्याची जागा) थर्ड बेसकडेच आहे, त्यामुळे या बाजूला बसणाऱ्याच्या समोर पाहुण्या रेड्सचा डगआउट येतो. हरत असलेला संघ आपसात कसा वागतो, हे पाहणे सप्टेंबरात विशेष बोलके असते.

मैदानाची मापे ठाऊक असली, तर सामन्याचा आनंद वाढतो. उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंते यांच्या पाठीवरचा क्रमांक २१ होता. डावीकडची भिंत मात्र अवघी सहा फुटांची आहे, आणि चपळ क्षेत्ररक्षक तिच्यावरून हात घालून होमरन (भिंतीपलीकडे जाणारा फटका) हिसकावू शकतो. डावीकडे आणि मध्याच्या दरम्यान मैदान ४१० फुटांपर्यंत खोल जाते, म्हणजे थेट मध्याच्या ३९९ फुटांपेक्षाही अधिक. त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरचे जोरदार फटके तेथे झेल होऊन विरतात. रेड्सचा एली डे ला क्रूझ मात्र अशा मोकळ्या जागेचा लाभ घेणारा खेळाडू आहे. २०२४मध्ये त्याने ६७ बेस चोरले (म्हणजे फटका न पडताच पुढचा बेस गाठला), आणि चेंडू त्या खोल कोपऱ्यात गेल्यावर तो थर्ड बेसकडे झेपावतो, तेव्हा सारे प्रेक्षक आपोआप उभे राहतात.

पायरेट्सकडून पाहायचा तो पिचर पॉल स्कीन्स. मे २०२४मध्ये त्याने याच मैदानावर पदार्पण केले, त्याच मोसमात तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५मध्ये त्याला सर्वोत्तम पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार मिळाला. सुरुवातीचे पिचर साधारणपणे पाच-सहा दिवसांनी एकदा खेळतात, त्यामुळे तीन सामन्यांच्या मालिकेत त्याची पाळी येईलच असे नाही. म्हणून संभाव्य पिचरांची नावे जाहीर होईपर्यंत थांबावे आणि मगच तिकीट काढावे. बाद संघांच्या मालिकेला जागा शिल्लक राहतात, हा त्यातल्या त्यात आपला फायदा. सप्टेंबरमध्ये संघातील खेळाडूंची संख्या २६वरून २८ होते, आणि वाढीव दोन जागांवर बहुधा असे तरुण येतात ज्यांच्यासाठी प्रत्येक बॅटिंग म्हणजे पुढच्या मोसमाची परीक्षा असते. त्यांच्या खेळात निरर्थकपणाचा लवलेशही नसतो, आणि मला स्वतःला तेच सर्वांत जास्त पाहावेसे वाटतात.

याच दोन संघांनी या मैदानाचा इतिहास घडवला आहे. ९ एप्रिल २००१ रोजी येथला पहिला अधिकृत सामना रेड्सविरुद्धच झाला आणि पायरेट्स तो हरले. त्याच दिवशी पहाटे त्यांचे थोर खेळाडू विली स्टार्जेल यांचे निधन झाले होते. पुढे १ ऑक्टोबर २०१३ रोजी, दोन दशकांच्या खंडानंतर पायरेट्स प्लेऑफमध्ये आले, तेव्हाही समोर रेड्सच होते. काळे कपडे घातलेल्या प्रेक्षकांनी रेड्सचा पिचर जॉनी क्वेटो याच्या नावाचा घोष चालवला होता. त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होमरन मारला. पायरेट्सनी तो सामना ६-२ असा जिंकला. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला रेड्सविरुद्धची कोणतीच मालिका कोरी वाटत नाही.

उणे सांगायचे, तर ते मैदानाचे नसून संघाचे आहे. १९९२नंतर पायरेट्सनी विभागाचे विजेतेपद मिळवलेले नाही, आणि एवढ्या सुंदर वास्तूत सप्टेंबरअखेरीस ओस पडलेल्या रांगा पाहताना मन खट्टू होते. पण तक्त्यात महत्त्व नसलेल्या सामन्यात काही घडतच नाही, असे मानणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९७२ आठवावा. पायरेट्सनी विभाग आधीच जिंकला होता, समोर तेव्हा त्यांच्याच विभागात असलेले न्यूयॉर्क मेट्स होते, आणि जवळच्या थ्री रिव्हर्स स्टेडियम या त्यांच्या जुन्या मैदानावर सुमारे १३ हजार लोकच आले होते. त्या दिवशी क्लेमेंते यांनी कारकिर्दीतील ३०००वा हिट (बेस मिळवून देणारा फटका) मारला. नियमित मोसमातील तो त्यांचा अखेरचा हिट ठरला. तीन महिन्यांनी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

खाण्याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. ब्रेडमध्येच बटाट्याचे तळलेले काप आणि कोबीची कोशिंबीर भरलेले पिट्सबर्गचे प्रसिद्ध सँडविच येथे मिळते, आणि एक घेतले तरी पोट भरते. पिचिंगसाठी २०२३पासून घड्याळ लावल्याने सामना बहुधा पावणेतीन तासांच्या आत आटोपतो. तीनपैकी एकच सामना पाहणे शक्य असेल आणि स्कीन्सची पाळी नसेल, तर संध्याकाळचा निवडावा, नदीवरून येणाऱ्या गारव्यासाठी जाकीट न्यावे आणि चौथ्या-पाचव्या डावाच्या सुमारास पलीकडच्या इमारतींत दिवे लागू लागतील, तेव्हा जागेवरच असावे.