कॅरेक्टर स्टडीचा वीकेंड कोर्स केला: बेणारे बाई आणि चाळीस प्रश्नांचा कागद

आठ रविवार, साडेचार हजार फी, सकाळी दहा ते एक. पुण्यातलाच आहे, नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली थोडी कुरकुरही केलीये. मी बँकेत नोकरी करते, कॉलेजात एकांकिका केल्या होत्या तेवढाच अनुभव, म्हटलं एकदा नीट शिकून बघू. एकच पात्र घ्यायचं आणि त्याचा अभ्यास करून शेवटच्या रविवारी दहा मिनिटं सादर करायचं. मला आलं तेंडुलकरांच्या शांतता! कोर्ट चालू आहे या नाटकातली लीला बेणारे, म्हणजे हौशी नाटकमंडळी गंमत म्हणून खोटा खटला चालवतात त्यात आरोपी केलेली शाळेतली बाई. बॅचमधल्या अजून तिघींनाही तीच, त्यामुळे पहिल्याच दिवशी जरा टेन्शन.

आधी जे आवडलं नाही ते सांगून टाकते. पहिल्या दिवशी चाळीस प्रश्नांचा कागद हातात दिला. पात्राचा आवडता रंग कोणता, सकाळी चहा की कॉफी, लहानपणी कशाची भीती वाटायची वगैरे. मी रात्री अकरापर्यंत बसून बेणारेला अबोली रंग आवडतो असं लिहिलं, आणि सकाळी रिक्षात स्वतःलाच हसू आलं, कारण संहितेत त्याला काडीचाही आधार नाही आणि त्या अबोलीने माझं एकही वाक्य बदललं नाही. दुसरं म्हणजे दुसऱ्याच रविवारी या नाटकावरचा सत्यदेव दुबेंचा १९७१ चा सिनेमा दाखवला. सिनेमा भारीच आहे, पण त्यानंतर आम्ही चौघी त्यात बेणारे झालेल्या सुलभाताई देशपांडेंसारख्या माना वळवायला लागलो ते शेवटपर्यंत सुटलं नाही. हा सिनेमा सातव्या रविवारी दाखवायला हवा होता!

आता पैसे वसूल कुठे झाले ते. तिसऱ्या रविवारी सरांनी तो प्रश्नांचा कागद बाजूला ठेवायला सांगितला (मग दिला कशाला होता, असो) आणि म्हणाले तीन रंगांची पेनं घ्या. बेणारे स्वतः बोलते ते हिरवं, दुसरे तिच्याबद्दल बोलतात ते लाल, रंगसूचना (कंसातल्या हालचालींच्या वगैरे सूचना) निळ्या. सगळं पुस्तक असं रंगवायला मला चार रात्री लागल्या आणि तेव्हा कळलं की पहिला अंक जवळपास हिरवागार आहे, बाई नुसती बोलतेय, चेष्टा करतेय, गातेय, आणि खटला तिच्यावर उलटला की पानंच्या पानं लाल. म्हणजे आपण बेणारे म्हणून जे काही ‘माहीत आहे’ म्हणतो त्यातलं कितीतरी पोंक्षे, रोकडे, कर्णिक या तिच्याच मंडळींच्या तोंडचं. त्यात सामंत या गावातल्याच माणसाची साक्ष तर अजून कहर, त्या भल्या माणसाला काहीच माहीत नाही म्हणून तो खिशातल्या कादंबरीतलं ठोकून देतो आणि तीच गोष्ट पुरावा म्हणून चालते. बेणारेचे ज्यांच्याशी संबंध असल्याचा आरोप होतो त्या प्रोफेसर दामलेंच्या खोलीतला साक्षीतला प्रसंग मी तोपर्यंत खरा धरूनच तालीम करत होते!! दामले तर आख्ख्या नाटकात स्टेजवर येतच नाहीत.

निळ्या पेनाने अजून एक सापडलं. नाटक सुरू होतं तेव्हा बेणारे हॉलमध्ये येते ती बोट चोखत, कडीत सापडलेलं असतं. सामंत बिचारा समजावून सांगतो की ही कडी जरा विचित्र आहे, नीट सरकवली नाही तर आतला माणूस आतच अडकतो. मी हे वाक्य किमान पाच वेळा वाचलं असेल आणि दरवेळी नुसतं पुढे गेले. नंतर ती निघायला जाते तेव्हा दार उघडत नाही. आता मी एन्ट्रीलाच ते बोट दुखतंय असं धरून उभी राहते आणि पात्राचं बेअरिंग आपोआप येतं, अबोली गेली उडत.

काळाचा अभ्यास मात्र उरकला. नाटक १९६३ चं लिखाण, रंगमंचावर १९६७ ला अरविंद देशपांडेंच्या दिग्दर्शनात रंगायन या नाट्यसंस्थेने आणलं, एवढं सांगून पुढे. बॅचमधली एक मुलगी खरंच गोंधळली होती की लग्नाआधीच दिवस गेलेली बेणारे सरळ डॉक्टरकडे का जात नाही, पर्समध्ये टिक-२० हे ढेकणांचं विष कशाला. तिला मीच सांगितलं की गर्भपाताचा कायदा आला १९७१ मध्ये, त्याआधी जीव वाचवायचं कारण सोडलं तर तो गुन्हाच. हे सरांनी सांगायला हवं होतं, कारण हे कळल्याशिवाय शेवटचा निकाल ऐकून काटा येत नाही. बाईवर आरोप भ्रूणहत्येचा आणि शिक्षा काय तर तो गर्भच नष्ट करायचा.

शेवटच्या स्वगतावरून आमच्या चौघींची चांगलीच जुंपली. बाकीचे सगळे थिजलेले असताना ती बोलते, मग हे कुणी ऐकलं का नाही? मी कुणीच ऐकलं नाही असं धरून केलं, एकदम हळू आवाजात, मागच्या रांगेला ऐकूच गेलं नाही म्हणून बोलणी खाल्ली. दुसरीने न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या खुर्चीकडे बघून ओरडून केलं आणि मला मनातून तिचंच जास्त पटलं.

बाकी अठ्ठावीस जणांची बॅच फार मोठी आहे, प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. पंखे दोनच. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, दोनदा मेसेज केला तरी नवीन आलेलं नाही. पाचपैकी साडेतीन स्टार. पुढच्या बॅचला तेंडुलकरांचंच सखाराम बाइंडर घेणारेत म्हणे, मी त्यातल्या चंपासाठी आत्ताच नाव सांगून ठेवलंय आणि पेनं घरून आणणार आहे.