शेतावरचा ड्रोन: हंगामभर वापरल्यानंतर

ड्रोन घ्यावा का, असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांची अपेक्षा अशी असते की तो वर जाईल, रोग ओळखेल आणि खाली येऊन औषधाचं नाव सांगेल. तसं काही होत नाही. शेतात नेमकं कुठे जायचं हे ड्रोन चोख दाखवतो. तिथे काय बिघडलंय हे मात्र चालत जाऊन, पान उलटून, मुळी उकरूनच कळतं. एवढं मान्य असेल तर यंत्र कामाचं आहे, आणि माझ्याकडे ते भरपूर वापरात आहे.

पिकासाठी चार पंखांचा छोटा ड्रोन, त्यावर साधा रंगीत कॅमेरा आणि मल्टिस्पेक्ट्रल, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे अलग टिपणारा कॅमेरा. जनावरांसाठी थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा असलेला दुसरा. फवारणीचा ड्रोन हा निराळाच विषय, तो इथे नको.

मल्टिस्पेक्ट्रलमागचं तत्त्व साधं आहे. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं, की झाला एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा. हा आकडा उणे 1 ते अधिक 1 यांच्यामध्ये कुठेतरी येतो. 1970च्या दशकात उपग्रहाच्या चित्रांसाठी वापरात आलेलं हे गणित आता आपल्या बांधावरून करता येतं, इतकंच.

नवीन माणूस फसतो तो रंगांना. बरीचशी ॲप्स त्या दिवसाच्या उड्डाणातला सर्वांत कमी आकडा लाल आणि सर्वांत जास्त आकडा हिरवा करून दाखवतात. म्हणजे अख्खं शेत उत्तम असलं तरी त्यातला थोडा कमी उत्तम भाग लालभडक दिसणार, आणि अख्खं शेत मार खाल्लेलं असलं तरी कुठेतरी हिरवं दिसणारच. सेटिंगमध्ये जाऊन रंगपट्टीची दोन्ही टोकं कायमची बांधून टाकावीत. त्याशिवाय या आठवड्याचा नकाशा मागच्या आठवड्याच्या नकाशाशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी गंमत तणाची. पेरणीनंतर सुरुवातीच्या दिवसांत माझ्या नकाशावर सगळ्यात देखणा पट्टा दिसला तो तणाचा होता. कॅमेऱ्याला हिरवं ते हिरवं. पीक दाटून पानांनी जमीन झाकली की उलटी अडचण येते: एनडीव्हीआय वरच्या टोकाला जाऊन बसतो आणि चांगलं-वाईट यातला फरकच दिसेनासा होतो. तेव्हा रेड एज, म्हणजे लाल आणि इन्फ्रारेड यांच्या मधला पट्टा वापरणारा एनडीआरई हा आकडा बघावा, नत्राची कमतरता त्यात जास्त स्पष्ट उमटते.

रंगापेक्षा मी आता आकार बघतो, आणि माझ्या मते यंत्राचा खरा पैसा इथेच वसूल होतो. सरळ रेषेतला फिका पट्टा दिसला तर तो बहुतेक माणसाचा किंवा अवजाराचा प्रताप असतो: पेरणीयंत्राचं एखादं नळकं तुंबलेलं, खताचा फेर चुकलेला, ठिबकची लॅटरल, म्हणजे ओळीतली नळी बंद पडलेली. गोल किंवा वेडेवाकडे डाग असले तर जमीन, पाणी साचणं किंवा रोग-कीड यांच्याकडे बघावं. कडेकडेने आत सरकत आलेलं नुकसान बांधावरून आलेल्या किडीचं किंवा जनावरांच्या तोंडाचं. मक्यात मला असाच एक सरळ पट्टा दिसला, अर्ध्या ओळीपर्यंत हिरवा आणि पुढे एकदम फिका. पीक तेव्हा डोक्याच्या वर गेलेलं, बांधावर उभं राहून काहीच दिसत नव्हतं. नकाशावरचा बिंदू मोबाइलवर घेऊन आत घुसलो. लॅटरलला पीळ पडलेला, अलीकडे नळी टणक फुगलेली आणि पलीकडच्या ड्रिपरखाली माती कोरडी ठणठणीत. नळी सरळ केली, फुसफुस करत पाणी पुढे गेलं. पायी फिरलो असतो तर ही ओळ पानं वळायला लागल्यावरच सापडली असती.

उडवण्याची शिस्त मात्र पाळावी लागते. उन्हं डोक्यावर असताना, म्हणजे दुपारच्या आसपास उडवावं, सावल्या कमी पडतात. उडण्याआधी करड्या कॅलिब्रेशन पट्टीचा फोटो घ्यावा, त्या दिवसाच्या उजेडाचा हिशेब त्यावरून लागतो. अधूनमधून ढग येत असतील तर त्या दिवशी चक्क सोडून द्यावं. पूर्ण ढगाळ एक वेळ चालेल, पण ऊन-सावलीचा खेळ नकाशावर खोटे डाग उमटवतो. फोटो एकमेकांवर 75 ते 80 टक्के चढले पाहिजेत, तरच सॉफ्टवेअरला ते नीट जोडता येतात. वाऱ्यात जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावं आणि येताना वाऱ्याबरोबर यावं, बॅटरी संपत आलेली असताना समोरून वारा नको. कंपनी उड्डाणाचा जो वेळ सांगते त्यापैकी शेतात हातात पडतो तो बराच कमी, कारण निम्मा जीव वळण्यात आणि परतण्यात जातो.

आता जनावरं. माझ्या अनुभवात थर्मलची वेळ एकच, पहाट. रात्रभर जमीन गार झालेली असते, जनावराचं अंग गरम, त्यामुळे पडद्यावर पांढरे ठिपके काळ्या पाटीवर उठून दिसतात. ऊन चढलं की तापलेले दगड आणि उघडी जमीनही तशीच पांढरी दिसते आणि गाय कोणती, धोंडा कोणता ते कळेनासं होतं. व्यायला झालेली गाय कळप सोडून आडोशाला जाते. एकदा कळपापासून लांब उंच गवतात एक ठिपका दिसला, जरा वेळाने त्याच्या कुशीला दुसरा, लहानसा. साध्या कॅमेऱ्यात तिथे नुसतं गवत होतं. अशा वेळी थर्मल लाखमोलाचा. झाडोऱ्याखाली मात्र त्याचंही काही चालत नाही. दाट पानांतून उष्णता आरपार दिसत नाही.

जनावरांच्या मोजणीसाठी फोटो जोडून केलेला नकाशा वापरू नका. पीक जागचं हलत नाही, गाय हलते. दोन फोटोंच्या मधल्या काही सेकंदांत ती पुढे सरकली की नकाशात दोनदा येते, किंवा नुसतं मागचं धड येतं. मी उंचावरून एकाच फोटोत कळप घेतो आणि त्यावर मोजतो.

आवाजाला जनावरं बुजतात, मेंढ्या तर एकमेकींत घुसून गोळा होतात. थेट डोक्यावरून खाली उतरू नये. लांबून, बाजूने, उंची राखून यावं आणि गाभण जनावरांच्या जवळ रेंगाळू नये. काही दिवसांत सवय होते, तरी ड्रोनने कळप हाकण्याचा मोह टाळावा. एकदा तो आवाज म्हणजे पाठलाग असं त्यांच्या डोक्यात बसलं की नुसती पाहणीही अवघड होते. लंगडणारी गाय व्हिडिओत ओळखू येते. माज, ताप, कासदाह यांसाठी मी ड्रोनवर अजिबात विसंबत नाही. पाण्याच्या टाक्या आणि कुंपण बघायला मात्र हा उत्तम, आणि खरं सांगायचं तर रोजचा सर्वांत जास्त वापर त्यासाठीच होतो.

मोठ्या, सलग शेतांचा ढोबळ अंदाज हवा असेल तर आधी सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं बघा. ती फुकट मिळतात, दोन उपग्रह मिळून साधारण 5 दिवसांनी त्याच जागेवर येतात. त्यांचा एक पिक्सेल 10 मीटरचा आणि ढगांपुढे त्यांचं काही चालत नाही, हे खरं. माझ्या कॅमेऱ्यात 60 मीटरवरून एक पिक्सेल साधारण 3 सेंटिमीटरचा पडतो. पण पट्टे-ओळी बघायच्या नसतील तर एवढ्या बारकाव्याचं करायचं काय? मी आधी उपग्रहाचं चित्र बघतो, शंका आली त्या तुकड्यावरच ड्रोन नेतो. लॅपटॉपवर फोटो जोडायला लागणारे तासही त्यामुळे वाचतात.

तक्रारी दोन. बॅटऱ्या उन्हाळा सोसत नाहीत. उडून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आणि काम नसेल तेव्हा अर्धवट चार्जवर ठेवायची. एवढं करूनही माझी एक जराशी फुगली, ती बाजूला काढली. दुसरं म्हणजे ॲप. शेतात रेंज नाही आणि ते अपडेट मागत अडून बसतं. त्यामुळे आदल्या रात्री घरीच ॲप उघडणं, नकाशा उतरवून ठेवणं आणि त्या जागेचे उड्डाणाचे नियम तपासणं चुकवत नाही. बऱ्याच देशांत उंचीची मर्यादा 120 मीटरची आहे आणि ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो. पिकासाठी तेवढी उंची लागतच नाही, पण कळप शोधताना नजरेच्या टप्प्याची अट खरोखर आड येते: टेकाडापलीकडे गेलेली गाय बघायची तर आधी मलाच टेकाडावर चढावं लागतं.