ज्वारीचे पोहे: ऑफिसच्या डब्यासाठी कोणतं पाकीट घ्यावं, कोणतं फळीवरच ठेवावं

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आणि तेव्हापासून ज्वारीच्या पाकिटांनी आपल्याकडची दुकानं भरली. छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दुकानांत, लातूर-नांदेडच्या किराण्यात, परभणी-बीडच्या बचत गटांच्या स्टॉलवर आता पोहे, लाह्या, रवा, उपमा मिक्स, इडली मिक्स असं सगळं मिळतं. सकाळी साडेसहाच्या बसने वाळूजला पहिल्या पाळीला जाणाऱ्याला किंवा दहाला बँकेचं काउंटर उघडणाऱ्याला यातलं नेमकं काय उपयोगी पडतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. साधे, बिनमसाल्याचे, पातळ ज्वारीचे पोहे घ्या. ते ऑफिसात पाच-सात मिनिटांत खाण्याजोगे होतात, पोट जेवणापर्यंत धरतं आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही डब्यात खराब होत नाहीत. तयार मसाला मिक्स मात्र बहुतेक वेळा पैसे वाया घालवतं. लाह्यांकडे मात्र उगाच दुर्लक्ष होतं.

ज्वारीचे पोहे म्हणजे ज्वारी निवडून, वरचं कोंड्याचं आवरण थोडं काढून, वाफेवर शिजवून, रुळांमधून चपटी करून वाळवलेली. हैदराबादच्या भारतीय कदन्न संशोधन संस्थेने हे तंत्र लहान उद्योगांपर्यंत नेलं, म्हणूनच आज तालुक्याच्या गावातला गटही पोहे बनवू शकतो. दाणा आधीच शिजलेला असल्यामुळे पोहे परत शिजवावे लागत नाहीत, फक्त नीट भिजवावे लागतात. आणि बिघडतं ते इथेच. तांदळाच्या पोह्यांची सवय असलेला माणूस चाळणीत घेऊन नळाखाली धरतो, निथळतो आणि फोडणीत टाकतो. ज्वारीचा पोहा तेवढ्याने बाहेरून मऊ होतो, आत मात्र पांढरा कडक ठिपका राहतो. मग लोक म्हणतात, घशाखाली उतरत नाही. पातळ पोहे धुऊन दोन-तीन मिनिटं पाण्यात राहू द्यावेत. जाड पोह्यांना आठ-दहा मिनिटं पाणी आणि वर पाच मिनिटं निथळणं लागतं. एक पोहा चिमटीत दाबून पाहावा. ठिपका लागला नाही की झाले.

दुकानात पाकीट हातात घेतल्यावर आधी मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. साध्या पोह्यांच्या पाकिटावर एकच शब्द हवा, ज्वारी. समोर ठळक अक्षरांत ज्वारी आणि मागे यादीत पहिला मका किंवा तांदूळ, अशी पाकिटंही मिळतात, ती ठेवून द्या. त्यानंतर उत्पादनाची तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बघा. नोंदणी केलेल्या छोट्या गटालाही हा क्रमांक मिळतो, त्यामुळे ‘घरगुती आहे’ ही सबब चालू नये. शेवटी पाकीट उभं धरून तळाशी बघा. बोटभर भुगा साठलेला असेल तर पाणी घातल्यावर पोहे न होता पेज होणार. वास घेता आला तर घ्यावाच. ज्वारीच्या कोंबात तेल असतं आणि ते उन्हाने खवट होतं. पोह्यांत कोंबाचा भाग थोडा कमी राहतो, म्हणून ते पिठापेक्षा जास्त टिकतात, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ठेवलेल्या मालाला हे लागू नाही. उन्हाळ्यात अर्धा किलोपेक्षा मोठं पाकीट घेऊ नये.

कोणत्या ज्वारीचे पोहे आहेत, हे फारच थोडे लोक छापतात. छापलं असेल तर ते वाचण्यासारखं असतं. आपल्याकडे रब्बीची मालदांडी चवीला नावाजलेली. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे वाण आणलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. हे वाण वापरणारा गट जवळपास असेल तर त्यांच्याकडून घेण्यात खरा अर्थ आहे. विशेषतः ज्यांचं हिमोग्लोबिन कमी असतं, त्यांनी विचारून बघावं.

आता डबा. घरून पोहे फोडणी घालून नेले तर अकरा वाजेपर्यंत ते कोरडे आणि चिवट होतात. शिजलेल्या ज्वारीतलं पिठूळ सत्त्व गार होताना आवळतं. सकाळची भाकरी दुपारी कडक होते, त्याचंही कारण हेच. वरून पाण्याचा हबका मारून थोडं सुधारतं, पण चव जाते. म्हणून ऑफिससाठी कोरडं मिश्रण करून ठेवणं हीच खरी पद्धत. रविवारी पंधरा-वीस मिनिटं दिली की पाच दिवसांचा नाश्ता तयार.

पाच दिवसांसाठी २०० ग्रॅम पातळ पोहे, ७५ ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम डाळं, दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग, अर्धा चमचा हळद, एक छोटा चमचा बारीक मीठ, एक चमचा लाल तिखट आणि भरपूर कढीपत्ता. पोहे आधी कोरडेच, मंद आचेवर, हाताला कुरकुरीत लागेपर्यंत भाजून ताटात काढा. मग त्याच कढईत तेल घालून शेंगदाणे तळा, मोहरी-जिरे तडतडू द्या, कढीपत्ता हातात चुरेल इतका कुरकुरीत होऊ द्या. डाळं परता, आच बंद करा आणि मग हिंग, हळद, तिखट, मीठ घाला. तिखट पेटत्या आचेवर घातलं की करपतं आणि आठवडाभर कडू चव येत राहते. शेवटी भाजलेले पोहे मिसळा, पूर्ण गार करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. एक म्हणजे तेल जास्त. पोह्यावर तेलाचा थर बसला की ऑफिसात ओतलेलं पाणी आत शिरत नाही, वर तरंगत राहतं. चिवड्याचा हात इथे आवरावा लागतो. दुसरी म्हणजे ओलावा. कढीपत्ता अर्धवट तळला, हिरवी मिरची किंवा ओलं खोबरं घातलं, कोमट मिश्रणावर झाकण लावलं की बुधवारपर्यंत सादळतं आणि कुबट वास येतो. हिरवी मिरची, कांदा, कोथिंबीर हे सगळं रोजचं रोज, वेगळ्या डबीत. मीठ आणि डाळं तळाशी बसतात, म्हणून रोजचा वाटा काढण्याआधी डबा हलवून घ्यावा, नाहीतर सोमवारी अळणी आणि शुक्रवारी खारट.

ऑफिसात एका वाट्याला, म्हणजे साधारण ६५ ते ७० ग्रॅमला, आधी ६० मिलिलिटर गरम पाणी घाला, झाकण लावा आणि पाच मिनिटं उघडू नका. मग चमच्याने खालीवर करून लागेल तसं आणखी एक-दोन चमचे. एकदम जास्त ओतलं तर परत फिरता येत नाही. पाण्याच्या मशीनचं पाणी उकळतं नसतं. त्यात पाच-सहा जणांनी आधी चहासाठी पाणी काढलं असेल तर नंतरच्याला कोमटच मिळतं. तेव्हा पाणी परत तापेपर्यंत थांबावं. जाड पोहे या पाण्यात होत नाहीत, म्हणूनच सुरुवातीला पातळ म्हटलं. डबा स्टीलचा, दुहेरी भिंतीचा असेल तर उत्तम. साधा असेल तर आधी थोडं गरम पाणी फिरवून ओतून द्या, मग पोहे घाला.

एवढ्या वाट्यात ४० ग्रॅम ज्वारीची सुमारे ४ ग्रॅम, शेंगदाण्याची जवळपास तेवढीच आणि डाळ्याची २ ग्रॅम अशी एकूण १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. उष्मांक ३०० च्या घरात. नुसते ज्वारीचे पोहे खाल्ले तर प्रथिनं निम्म्याहून कमी होतात. तेव्हा पाकिटावर ‘प्रथिनांनी भरपूर’ असं छापलेलं असलं तरी ती भरपाई शेंगदाणे, डाळं आणि दहीच करतात. वर जवसाची किंवा कारळाची चटणी एक चमचा घ्या. या कोरड्या चटण्या आपल्या घरात असतातच, उन्हात टिकतात आणि पोह्यांना जो खमंगपणा त्या देतात तो कुठल्याही मसाल्याच्या पुडीत नाही.

लिंबू पिळायला विसरू नका. ज्वारीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, लिंबातल्या क जीवनसत्त्वाने ते जास्त मिळतं. आणि नाश्त्याबरोबरचा चहा याच्या नेमका उलट वागतो, लोह अडवून धरतो. साडेदहाचा चहा साडेअकराला नेला तर काही बिघडत नाही, फायदाच होतो.

दह्याचा प्रश्न उन्हाळ्यात येतो. लागलेलं दही सकाळी डब्यात भरलं की मे महिन्यात ते नाश्त्याच्या वेळेपर्यंत आंबट ढाण होतं. त्यापेक्षा सहा वाजता १०० मिलिलिटर कोमट दुधात अर्धा चमचा विरजण कालवून तेच डब्यात न्यावं. आपल्या उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही लागतं आणि गोड राहतं. अट एवढीच की डबा हलता कामा नये. मोटारसायकलच्या डिकीत धक्के खात गेलं तर ते नीट बसत नाही, पाणी सुटतं. डिसेंबर-जानेवारीत ही युक्ती चालत नाही, तेव्हा रात्रीचं लागलेलं दहीच न्या.

लाह्यांबद्दल थोडं. ज्वारीच्या लाह्या हे अख्खं धान्य आहे, कोंडा काढलेला नाही. त्यामुळे तंतूंच्या बाबतीत त्या पोह्यांच्या पुढे आहेत. २५ ग्रॅम लाह्यांनी मोठा डबा भरतो, पण अन्न तेवढंच असतं, म्हणून सोबत मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे हवेतच. ताकात मीठ, जिरेपूड, हिंग घालून त्यात लाह्या टाकून लगेच खायच्या. दोन मिनिटांनी त्या गळून जातात. घेताना पाकिटाच्या तळाशी न फुटलेले दाणे किती आहेत ते बघा, दाताला लागतात, घरी एकदा चाळून घ्या. पावसाळ्यात सादळल्या तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतल्या की परत कुरकुरीत.

तयार उपमा मिक्सवर जास्त शब्द खर्च करण्यासारखं नाही. ‘ज्वारी उपमा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पाकिटांत पहिला घटक गव्हाचा रवा असतो. सोडियमचा आकडा बघा. १ ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलं आहे. एका कपात ७००-८०० मिलिग्रॅम असेल तर एक तृतीयांशाहून जास्त कोटा सकाळीच संपला. शिवाय खरा ज्वारीचा रवा मशीनच्या पाण्यात फुलत नाही, त्याला आचेवर शिजवावंच लागतं. घरी करायचा असेल तर रवा जरूर घ्या, ऑफिससाठी नको.

मधुमेह असणाऱ्यांनी ज्वारी आहे म्हणून वाटा वाढवू नये. शिजवून चपटं केलेलं धान्य अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर पचतं, आणि दाणे-दही सोबत नसेल तर आणखी लवकर. पोह्यांत साखर घालायची सवय असेल तर ती या मिश्रणात नकोच. आणि ज्यांना गव्हातलं ग्लुटेन चालत नाही, त्यांच्यासाठी ज्वारी मुळात सुरक्षित असली तरी फोडणीतला हिंग तपासावा लागतो. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पोहे कांडणाऱ्या यंत्रावर गहूही चालतो का, हेही गटाला थेट विचारावं.

या सगळ्यापुढे धपाटे कुठे बसतात, असा प्रश्न कुणीही विचारेल. चवीत त्यांना तोड नाही आणि घरात सकाळी करणारं कुणी असेल तर पाकिटाची गरजच नाही. फक्त गरम धपाटे डब्यात दाबून भरू नका. वाफेचं पाणी सुटून ते चिकट होतात आणि चाळीस अंशांच्या उन्हात दुपारपर्यंत आंबूस वास येतो. जाळीवर गार करून सुती कपड्यात गुंडाळून न्यावेत. कांदा न घालता केलेले जास्त टिकतात. चुरमुऱ्यांची सुशीला मात्र घरीच, ताटात, गरम असताना खायची. चुरमुरे गार झाले की वातड होतात, डब्यात नेऊन तिचा मान राहत नाही.