गर्दीच्या सरकारी जंगलात धनुष्याने एल्क: दोन दिवसांचा क्लास केला, पैसे वसूल झाले का?

सलग तीन सप्टेंबर रिकाम्या हाताने घरी आलो, मग हा क्लास केला आणि चौथ्या वर्षी म्हणजे 2025 ला एल्कच्या मांसाने फ्रीझर भरला. डेन्व्हर, फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो स्प्रिंग्ज भागात आपले बरेच मराठी लोक आहेत आणि त्यातले थोडे का होईना आता आर्चरीकडे वळलेत, त्यांच्यासाठी लिहितोय. दुकानाचं नाव देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत. फ्रंट रेंज म्हणजे याच शहरांच्या पट्ट्यात एक जुनं आर्चरीचं दुकान आहे, दर उन्हाळ्यात ते शनिवार-रविवार असा क्लास घेतात, विषय एकच, सरकारी जमिनीवर जिथे सगळेच घुसतात तिथे एल्क कसा गाठायचा. फी 240 डॉलर. माझ्याकडून 5 पैकी 4.

आधी थोडं सांगतो म्हणजे गर्दी किती ते कळेल. जगात सगळ्यात जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, 2.5 लाखांच्या वर. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला पण बराच मोठा, मादीच 500 पौंडांच्या आसपास भरते. इथे राहणाऱ्यांना आर्चरीचा टॅग म्हणजे शिकारीचा परवाना अजूनही दुकानात जाऊन सरळ विकत मिळतो, लॉटरी नाही. बाहेरच्या राज्यातल्यांनाही तसाच मिळायचा, तो 2025 पासून आय-25 हायवेच्या पश्चिमेला बंद करून ड्रॉमध्ये टाकला. मला वाटलं आता तरी जंगल मोकळं होईल पण वीकेंडला ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाटा सुरू होतात तिथे, काही फरक जाणवला नाही. आर्चरीचा सीझन 2 ते 30 सप्टेंबर, त्यातच मधे नऊ दिवस मझलोडर (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकवाले येतात, शिवाय हायकर, सायकलवाले, एटीव्ही म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या छोट्या चारचाकी गाड्यावाले, घोड्यांवरून जाणारे आउटफिटर म्हणजे पैसे घेऊन शिकारीला नेणारे. दहातले नऊ धनुष्यवाले काही न मिळता परत जातात, आणि मी तीन वर्षं त्या नवातच होतो.

ती तीन वर्षं आम्ही, म्हणजे मी आणि कॉलेजपासूनचा मित्र, कोलोरॅडोतल्याच फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागात गेलो कारण जो तो तेच नाव सांगत होता. पहाटे चारला उठायचं, ट्रेलने तीन-चार मैल चालायचं, उजाडलं की बुगल वाजवायचं, म्हणजे नळीतून नराच्या आरोळीची नक्कल करायची, समोरून उत्तर आलं की छाती धडधडायची आणि तासभर सरपटत जाऊन बघावं तर झाडाला टेकून दुसराच शिकारी बुगल वाजवतोय. हे चार वेळा झालं. तिसऱ्या वर्षी शेवटच्या रात्री मित्र म्हणाला, अरे आपण एल्क शोधतोय की माणसं? तेव्हा काही उत्तर नव्हतं माझ्याकडे.

क्लासच्या पहिल्या दिवशी सकाळी बरोबर हाच प्रश्न निघाला. शिकवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, आवाज हळू, पण चाळीसेक वर्षं याच डोंगरात फिरलेत. प्रत्येकाला त्याच्या युनिटचा म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागाचा मोठा कागदी नकाशा दिला आणि सांगितलं की एल्क कुठे असतील हे आत्ता कोणी बोलायचं नाही, आधी माणसं कुठे असतील ते रंगवा. प्रत्येक ट्रेलहेड, प्रत्येक कच्चा रस्ता, प्रत्येक कॅम्पिंगची जागा, आणि ट्रेलच्या दोन्ही बाजूंना तासाभरात माणूस जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंत लाल पेन्सिल. सव्वा तास हेच चाललं होतं. माझा नकाशा जवळजवळ सगळा लाल झाला, आणि जे पांढरे तुकडे उरले त्यातले दोन मोठे तर लांब, पाच-सहा मैल आत, तिथे घोडेवाले आधीच तंबू ठोकून बसलेले असतात. पण तीन छोटे तुकडे असे होते की मी कधी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. त्यातला एक तर मुख्य रस्त्याच्या अगदी वर, दोन ट्रेलहेडच्या मधोमध, इतका खडा चढ की कोणी तिथे गाडी थांबवतच नाही. सगळ्यांना वाटतं लांब गेलं की एल्क मिळतो, ते म्हणाले की लांबपणाचं काही नाही, माणूस नसला पाहिजे एवढंच, मग तो तुकडा रस्त्यापासून अर्ध्या मैलावर असला तरी चालेल.

ओरेगॉनमधे स्टार्कीच्या जंगलात कुंपणाच्या आत एल्कला कॉलर लावून अनेक वर्षं अभ्यास झालाय, त्यात दिसलं की एल्क रस्त्यापासून आणि वर्दळीच्या ट्रेलपासून लांब सरकतात, एटीव्हीपासून सगळ्यात जास्त, पण चालणाऱ्यांपासून पण. हे सांगून त्यांनी विचारलं, मग शनिवारी पहाटे ट्रेलहेडवरची सगळी माणसं एकदम चालायला लागली तर हे एल्क जातील कुठे? आणि माझ्या डोक्यात एकदम आला तो हाका. आपल्याकडे जुन्या काळी शिकारीला हाका घालायचे ना, हाकारे एका बाजूने डबे बडवत, ओरडत यायचे आणि बंदूकवाला पुढे जनावराच्या वाटेवर गप बसलेला असायचा. तीन वर्षं आम्ही फुकटचे हाकारे होऊन दुसऱ्यांसाठी एल्क हाकत होतो! गर्दी कमी होणार नाहीये तर ती कुठून कुठे सरकते हे शिकायचं आणि पुढे जाऊन बसायचं, सगळ्या क्लासचं सार माझ्यासाठी एवढंच, आणि 240 डॉलर मी याचेच मोजले असं समजतो.

दुपारी जमिनीची रचना. इथे आपल्या ट्रेकवाल्यांना खूप सोपं जाईल कारण सह्याद्रीत फिरलेल्याला धार, सोंड, खिंड, घळ हे डोळ्यांना आपोआप दिसतं. इथले लोक बेंच म्हणतात ती म्हणजे आपली माची, उतारावर मधेच आलेला सपाट टप्पा. उत्तरेकडच्या उतारावर, दाट स्प्रूसच्या सावलीत, वरून एक तृतीयांश खाली अशी माची असेल आणि जवळ पाणी असेल तर दिवसा एल्क तिथे बसायची शक्यता जास्त. चरायला रात्री मोकळ्या कुरणात, उजाडता उजाडता परत सावलीत. दबाव वाढला की कुरणात उजेडी दिसतच नाहीत आणि बोलायचे पण बंद होतात, म्हणून लोकांना वाटतं एल्क गेले, ते असतात तिथेच.

वाऱ्यावर त्यांनी पूर्ण दीड तास घेतला आणि मला वाटतं अजून घेतला असता तरी चाललं असतं. डोंगरात पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन लागलं की साधारण नऊ-दहानंतर वर चढायला लागते, संध्याकाळी सावली पडली की परत खाली. म्हणजे सकाळी तुम्ही जनावराच्या खाली असायला हवं, दुपारी वर किंवा त्याच उंचीवर, संध्याकाळी परत खाली. आणि हवा बदलते त्या वेळेला हलायचंच नाही कारण तेव्हा ती चारी दिशांना फिरते. बिनवासाच्या पावडरची छोटी बाटली असते, फुस्स केलं की हवा कुठे चाललीये ते दिसतं, ती दोन-चार मिनिटांनी वापरायची सवय त्यांनी लावली. सगळ्या सामानात माझी सगळ्यात लाडकी वस्तू आता तीच आहे, हजार डॉलरचा बो नाही.

आवाजाबद्दल पण लिहितो कारण क्लासला येणारे निम्मे तेवढ्यासाठीच येतात. तोंडात टाळूला लावायची लॅटेक्सची डायफ्राम नावाची शिट्टी, माद्यांचा आवाज, पिल्लाचा आवाज, बुगल, सगळं शिकवलं आणि मग सांगितलं की गर्दीच्या युनिटमधे यातलं बरंचसं बंद ठेवा. तिथल्या नरांनी 2 तारखेपासून शंभर नकली बुगल ऐकलेले असतात. फार तर मादीचा हलका आवाज, तो पण एखाद-दुसरा, आणि मग अर्धा तास गप. दोघं असाल तर आवाज काढणारा 60-80 यार्ड मागे आणि बाणवाला पुढे, कारण नर जिथून आवाजाची जागा दिसेल तिथे येऊन थबकतो, आणि तो थबकेल तिथे तुमचा बाण पोचला पाहिजे. आम्ही तीन वर्षं शेजारी शेजारी बसून कॉल करत होतो.

दुसरा दिवस रेंजवर. गुडघ्यावर बसून, पाठीला सॅक असताना, दोनशे मीटर पळून धाप लागलेली असताना, चढाच्या दिशेने, उताराच्या दिशेने. तिरक्या नेमात सरळ आडवं अंतर धरायचं असतं हे वाचलेलं होतं पण पाच बाण डोक्यावरून गेल्यावर अंगात भिनलं. नियम पण तिथेच तपासले, कोलोरॅडोत ड्रॉ वेट म्हणजे बो ताणायला लागणारा जोर कमीत कमी 35 पौंड, ब्रॉडहेड म्हणजे बाणाचं धारदार टोक किमान 7/8 इंच रुंद आणि त्याला स्टीलच्या निदान दोन धारा. प्रत्येकाला त्यांनी स्वतःचं अंतर लिहून घ्यायला लावलं, धाप लागलेली असताना पाचात पाच बाण पेपर प्लेटमधे बसतात ते अंतर. माझं 30 यार्ड निघालं. मी 50 समजत होतो. हा आकडा बोवर मार्करने लिहिलाय आणि तो मी मोडत नाही, कारण जखमी होऊन निघून गेलेल्या जनावराचं ओझं कोणाला नको.

आता तक्रारी. बारा जण घेऊ म्हणाले होते आणि घेतले बावीस, त्यामुळे रेंजवर प्रत्येकाच्या मागे उभं राहून चुका सांगायला त्यांना वेळच पुरला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अर्धा तास दुकानातल्या बुगल ट्यूब विकण्यात गेला, फी भरून आलेल्या माणसाला हे आवडत नाही. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे मांसाचं काम वीस मिनिटांत उरकलं. सप्टेंबरात दुपारी ऊन कडक असतं, कातडं लवकर काढून तुकडे सावलीत वाऱ्याला टांगले नाहीत तर मांस हातचं जातं, आणि खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा इथे गुन्हा आहे. नर की मादी याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो हे तर त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. दहा हजार फुटांवर नवख्याचं डोकं दुखतं, पाणी किती प्यायचं, एक दिवस आधी जाऊन राहायचं, यावर एक शब्द नाही. यासाठी तो एक स्टार कापलाय.

आता चौथं वर्ष. फ्लॅट टॉप्स सोडलं, दुसरं युनिट घेतलं, नाव नाही सांगत, माफ करा. मंगळवार-बुधवारची सुट्टी काढली पण वीकेंडला पण जाऊन गर्दी कशी सरकते ते बघितलं. शनिवारी पहाटे साडेचारला खालच्या ट्रेलहेडवर 14 गाड्या होत्या, आम्ही त्या पार करून दीड मैल पुढे रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि त्या लाल-पांढऱ्या नकाशातल्या खड्या चढाने सरळ वर, आठशे फूट, अर्ध्या ठिकाणी हाताने झुडपं धरून. वर माची होती, चिखलाचं छोटं लोळण होतं, ताजे खूर. माचीच्या खालच्या कडेला बसलो, उत्तरेचा उतार असल्याने ऊन पोचलेलं नव्हतं आणि पावडर सरळ खाली पाठीमागे जात होती. आवाज शून्य. साडेआठला वरच्या धारेवरून माणसांचे बुगल ऐकू यायला लागले, एक, दोन, मग तिसरा, आणि मित्राने माझ्याकडे बघून नुसता हात वर केला. दहा मिनिटांनी वरून काडीसुद्धा न मोडता तीन माद्या आणि एक पिल्लू उतरले. आमच्या टॅगवर नर-मादी दोन्ही चालत होतं (तुमच्या युनिटसाठी नियमांचं पुस्तक बघून घ्या, सगळीकडे सारखं नाही). पिल्लाची आई सोडून मागची एकटी मादी, 24 यार्ड, आडवी उभी. बाण गेला. पाऊण तास आम्ही जागचे हललो नाही, मग सत्तर पावलांवर ती पडलेली मिळाली. मी तिच्या डोक्याशी बसून हात जोडले, आपोआप जोडले गेले, आणि बराच वेळ बोलता आलं नाही.

अमरावतीला आईला फोन केला तेव्हा ती आधी गप्प झाली. मेळघाटच्या इतक्या जवळ राहिलेली बाई, शिकार म्हणजे 1972 च्या कायद्याने गुन्हा हेच तिला माहीत, आणि तिकडे ते बरोबरच आहे. तिला सांगितलं की इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीने एल्क संपत आले होते, मग वायोमिंगहून आणून सोडले, आणि 1937 च्या कायद्याने आज शिकारीच्या धनुष्यावर जो 11 टक्के कर लागतो तो वन्यजीवांवर आणि शिकाऱ्यांच्या शिक्षणावर खर्च होतो. ते सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं की काही वाया नाही ना गेलं रे? नाही गेलं. चार खेपा झाल्या, दीडशे पौंडांच्या जवळपास बिनहाडाचं मांस, सीडब्ल्यूडी या हरणांच्या कुळातल्या जीवघेण्या रोगासाठी नमुना तपासायला दिला, रिपोर्ट चांगला आल्यावरच शिजवलं. सावजी मसाल्यात फार छान होतं, चरबी जवळजवळ नसते म्हणून तेल थोडं जास्त लागतं.

घ्यायचा असेल तर जुलैची बॅच घ्या, जागा मे महिन्यातच भरतात. ऑगस्टची घेऊ नका, नंतर सरावाला आठवडेच उरत नाहीत. मांस कापायचं आधीच कुठेतरी शिकून जा. हंटर एज्युकेशनचं कार्ड 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागतं, आणि रहिवासी टॅगसाठी कोलोरॅडोत सहा महिने झालेले असायला हवेत, नवीन आलेल्यांनी हे बघूनच पैसे भरा. बायकोने पुढच्या बॅचला नाव दिलंय, तिचा बो 42 पौंडांचा आहे.