क्लोनाझेपाम सोडताना: जवळपास अर्ध्या वर्षाचा अनुभव

झोपेची गोळी सुरू केल्यावर कसं वाटतं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती सोडताना काय होतं, ते फारसं कुणी लिहीत नाही.

माझी गोळी क्लोनाझेपाम, रात्री ०.५ मिलिग्रॅम. थोड्या दिवसांसाठी म्हणून सुरू झाली आणि 'तीच कंटिन्यू करा' करत दोनेक वर्षं चालली. झोप यायची, खोटं कशाला बोलू? पण सकाळचं डोकं जड, आणि पुढे पुढे तेवढ्याच डोसवर रात्री तीनला टक्क जाग. शरीर सरावलं होतं. डोस वाढवण्याऐवजी उतरवायचा, असं डॉक्टरांनी आणि मी मिळून ठरवलं.

नियमित घेणाऱ्याने ही गोळी एकदम बंद करायची नसते. घबराट, हाताला कंप, घाम तर होऊ शकतोच, काहींना फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी उतरता डोस तारखांसकट लिहून दिला: ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५. प्रत्येक पायरीवर काही आठवडे. पायरी जमली नाही तर तिथेच थांबायची मुभा होती, पण मनाने पुढे-मागे करायचं नाही. हे वेळापत्रक माझं आहे, तुमचं वेगळं असेल.

०.३७५ ची गोळी मिळत नाही. ०.२५ ची एक अख्खी आणि एक अर्धी, असा हिशोब. सुरीने कापली की निम्मा चुरा ताटलीत. मेडिकलमधला प्लास्टिकचा गोळी कापायचा कटर घ्या, स्वस्त असतो. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. जुन्या चिठ्ठीवर आमच्या कोपऱ्यावरच्याने सरळ नाही म्हटलं. तेव्हा राग आला होता, पण बरोबर त्याचंच होतं.

आता खरी गोष्ट. डोस कमी केला त्या रात्री काहीच झालं नाही. मी खूश! तीन-चार दिवसांनी मात्र रात्रभर छताकडे बघत पडले. हे औषध शरीरातून अर्धं उतरायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात, त्यामुळे कपातीचा परिणाम उशिरा कळतो. हे आधी सांगितलं नसतं तर 'गोळीशिवाय मला झोपच नाही' असं म्हणून मी परत अख्खी घेतली असती. तो मूळचा निद्रानाश परत आलेला नसतो, गोळी कमी झाल्याची प्रतिक्रिया असते आणि बहुतेकदा ती ओसरते. माझी दर वेळी आठवडा-दीड आठवड्यात ओसरली. अपवाद ०.१२५ चा. तिथे छातीत धडधड आणि विनाकारण चिडचिड होती, म्हणून डॉक्टरांनी तिथे जास्त दिवस थांबवलं आणि शेवटी आणखी अर्धी करून मग बंद केली. शेवटचा तुकडाच सगळ्यात चिवट.

जोडीला निद्रानाशासाठीची सीबीटी होती, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची बिनगोळीची उपचारपद्धती. नियम ऐकायला पोरकट वाटतात: उठायची वेळ रविवारीही तीच, झोप येईना तर पलंग सोडायचा, पलंगावर मोबाईल नाही. रात्री दीडला हॉलमध्ये बसून शेंगा सोलल्या आहेत मी. पण गोळीपेक्षा टिकाऊ काम याचंच झालं. सासूबाईंचं जायफळ घातलेलं दूधही प्यायले. त्यांच्या समाधानापलीकडे फरक जाणवला नाही. शेजारच्या काकांनी झोप येण्यासाठी सुचवलेली सर्दीची गोळी मात्र घेतली नाही, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. दारूचा घोट तर या गोळीबरोबर अजिबात नको, श्वास मंदावतो.

आता झोप सहाएक तास, मध्ये एकदा जाग. पूर्वीपेक्षा कमी, पण सकाळी डोकं लख्ख.

फिट्ससाठी क्लोनाझेपाम चालू असलेल्यांनी, तसंच गरोदर बायकांनी यातलं काहीही स्वतःला लावून बघू नये. त्यांची गोष्टच वेगळी, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.