बियाणं उगवलं, पण जात वेगळी निघाली

मागच्या जूनमध्ये मी चार शेतकऱ्यांना पपईची ४,८०० रोपं विकली. बिलावर माझ्या हातानं 'तैवान ७८६' असं पपईच्या संकरित जातीचं नाव लिहून दिलं. दसरा झाला आणि त्यातली जवळपास निम्मी झाडं नर, म्हणजे फळ न धरणारी निघाली. बियाणं खोटं होतं, आणि ते मी माझ्या नर्सरीच्या फाटकात आलेल्या एका माणसाकडून घेतलं होतं. उन्हाळा लागला की अशी माणसं पुन्हा फिरायला लागतात, आणि ती आमच्या आर्वी तालुक्यातच येत असतील असं मला वाटत नाही. म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहिते.

ज्यांनी नर्सरीचा उन्हाळा काढला नाही, त्यांना आधी एक सांगायला हवं. मार्च ते मे आमच्याकडून पैसा नुसता जातो. लाल मातीच्या आणि शेणखताच्या ट्रॉल्या येतात, पिशव्या भरणाऱ्या बायांची मजुरी दर बाजाराच्या दिवशी चुकती करावी लागते, वाऱ्यानं फाटलेली शेडनेट शिवायची असते. बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं आणि लाईन बरेचदा रात्रीची, म्हणून दोन-अडीचला उठून टाकं भरून ठेवायचं. पारा ४४ वर गेला की दुपारी पाइपातलं पाणी हाताला चटका देतं. ते आधी बाजूला सोडून द्यायचं आणि मगच रोपांना लावायचं, नाहीतर कोवळं खोड मातीपाशी भाजून जातं. एवढं करून गिऱ्हाईक येतं ते मृगाचा पाऊस पडल्यावर. तोवर उधारी. त्या दिवसांत कुणी खर्च कमी करून देतो म्हटलं की आपला कान तिकडे लगेच वळतो. तो माणूस नेमका त्याच दिवसांत आला.

पाडव्यानंतरचा आठवडा होता. मोटारसायकल, पाठीला बॅग, अंगात स्वच्छ शर्ट. आजूबाजूच्या दोन-तीन नर्सऱ्यांची नावं त्याला ठाऊक होती, कोणाकडे किती पिशव्या आहेत तेही ठाऊक होतं. बॅगेतून त्यानं चकचकीत पाकिटं काढली. वर पपईचा रंगीत फोटो, लॉट नंबर म्हणजे बियाण्याच्या खेपेचा क्रमांक, तपासणीची तारीख, वजन १० ग्रॅम, सगळं छापलेलं. म्हणाला, "ताई, एका मोठ्या नर्सरीची ऑर्डर होती, त्यांनी माल उचलला नाही. उन्हाळ्यात गोदामात पडून खराब होईल, म्हणून कमी भावात काढतोय." दुकानात पाकीट तीन हजारांच्या वर होतं, तो २,००० सांगत होता.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुकानातून आण ना वं, एवढी काय घाई हाय?" मलाही शंका आलीच होती. मी म्हटलं, उगवलं नाही तर? तर तो म्हणाला, "अर्धेच पैसे द्या. उगवून आल्यावर मी स्वतः येईन, वाफा पाहीन, मग बाकीचे द्या. नाही उगवलं तर पुढचा एक रुपया देऊ नका."

मी फसले ती इथे. आम्हा नर्सरीवाल्यांना बियाणं म्हटलं की पहिली भीती उगवणीची असते. शिळं बियाणं, उंदरानं पोखरलेलं बियाणं, उन्हात तापलेलं बियाणं, हे सगळं आपण भोगलेलं असतं. त्यामुळे उगवणीची हमी देणारा माणूस खरा वाटतो. पण गावातल्या कुठल्याही परसातली पपई फोडून, बी धुऊन सावलीत वाळवलं तरी ते चांगलं उगवतं. उगवण पाहून बी जिवंत आहे एवढंच समजतं. ते कोणत्या जातीचं आहे हे त्यातून समजत नाही, आणि त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

बारा पाकिटं घेतली, १२,००० रुपये रोख दिले. त्यानं साध्या पावती पुस्तकातली पावती फाडून दिली. तिच्यावर दुकानाचं नाव होतं, पण परवाना क्रमांक नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता आणि लॉट नंबरही लिहिलेला नव्हता. विसाव्या दिवशी तो खरंच परत आला. वाफे हिरवेगार झाले होते. त्यानं वाकून रोपं पाहिली, रोपं कोलमडू नयेत म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइडचं पाणी द्या असं सांगितलं. सल्ला योग्यच होता. मी त्याला चहा दिला आणि उरलेले १२,००० त्यानं दिलेल्या नंबरवर फोनवरून पाठवले. नंबरवर नाव दुसऱ्याच कोणाचं आलं. "भावाचं खातं आहे," म्हणाला. तेव्हाही मी थांबले नाही.

जूनच्या शेवटी रोपं १५ रुपयांनी गेली. चौघांनी साधारण एकेक एकर लावली, सहा बाय सहा फुटांवर, एका खड्ड्यात एकच रोप. हे एकच रोप लावणं लक्षात घ्या, कारण नुकसान त्यातूनच वाढलं. गावठी पपई लावताना शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतो, फूल आलं की नर उपटून टाकतो आणि दहा मादीमागे एखादा नर ठेवतो. ७८६ मध्ये ते करायची गरज नसते. त्या संकरित जातीत झाडं मादी किंवा द्विलिंगी असतात, निव्वळ नर झाड येत नाही, म्हणून प्रत्येक झाडाला फळ धरतं. महाग रोप परवडतं ते त्याच भरवशावर.

ऑक्टोबरमध्ये त्यातले एक काका सकाळीच आले. हातात फुलांचा एक घोस होता, वीतभर लांब, लोंबता. टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, हे पाहा बरं. हे फूल कायचं हाय?" मी पाहिलं आणि मला बोलता येईना. मादीचं फूल खोडाला चिकटून, मोठं, एकेकटं येतं. असा लांब दांड्यावरचा झुबका नराचा. त्यांच्यासोबत शेतात गेले. पहिली शंभर झाडं आम्ही मोजली, ४६ नर होती. काकांनी ठिबक अंथरलं होतं, काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून गादीवाफे ओढले होते, खड्ड्यागणिक शेणखत टाकलं होतं. ते मला एक शब्द रागानं बोलले नाहीत, आणि त्यामुळे माझ्यानं त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

त्या माणसाचा फोन बंद लागला, आजही बंदच आहे. पावतीवरच्या नावाचं दुकान त्या गावात नव्हतं. तालुक्याच्या बियाणे तक्रार समितीकडे अर्ज केला. ते लोक आले, पंचनामा केला. त्यांनी मला तीन गोष्टी मागितल्या: पक्कं बिल, रिकामी पाकिटं आणि पाकिटात उरलेलं थोडं बियाणं. बिल कच्चं होतं. बियाणं सगळं पेरलं होतं. पाकिटं मी एप्रिलमध्येच पालापाचोळ्यासोबत जाळली होती. एक तेवढं रजिस्टरच्या पानात राहून गेलं होतं. शेतकऱ्यांकडे मात्र माझं बिल होतं, सहीशिक्क्याचं, जातीच्या नावासकट. एका शेतकऱ्याचा पुतण्या वकिली करतो. त्यानं सांगितलं की खराब बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक आयोगात जाऊ शकतो, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. ते ऐकताना मला कळत होतं की ते गेले तर माझ्यावरच जातील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

चौघांचे मिळून ७२,००० रुपये होत होते, ते मी चार हप्त्यांत परत करायला घेतले. काकांनी मात्र त्यांचे निम्मेच घेतले आणि नर झाडं तोडून त्या जागेत हरभरा पेरला. एकजण अजून माझ्याशी बोलत नाही.

यंदा मी काय करते ते सांगते, तुम्हीही करा. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा आहे. त्यानुसार बियाणं विकणाऱ्याला परवाना लागतो आणि गिऱ्हाइकाला बिल द्यावंच लागतं. फाटकावर आलेल्या माणसाला मी आधी परवान्याची प्रत मागते. बिलावर जात, लॉट नंबर आणि मुदतीची तारीख लिहून घेतल्याशिवाय पाकीट फोडत नाही. प्रत्येक पाकिटातल्या चिमूटभर बिया कागदी पुडीत बांधून, वर लॉट नंबर टाकून, पाकिटासोबत डब्यात ठेवते. पैसे बिलावर नाव असलेल्याच्याच खात्यात टाकते, त्याच्या भावाच्या नाही. आणि शेतकऱ्याच्या बिलावर मूळ लॉट नंबर उतरवते, म्हणजे उद्या त्याला माझ्यापाशी येऊन थांबावं लागणार नाही. संत्र्याच्या कलमांचंही मी हेच करते. कलमाचा डोळा कोणत्या मातृवृक्षाचा, तो ज्याच्यावर बांधला तो खुंट जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा, हे रजिस्टरच्या पानावर लिहिलेलं असतं. संत्र्याची चूक तर चार-पाच वर्षांनी फळ आल्यावर उघडी पडते.

या एप्रिलमध्ये मोर्शीकडच्या एका नर्सरीवाल्या दादांचा फोन आला. त्यांच्याकडेही उगवल्यावर बाकीचे पैसे घेणारा माणूस येऊन गेला, वर्णन जुळतं. त्यांनी पाकिटं जपून ठेवली आहेत. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं मिळून लॉट नंबर ताडून पाहणार आहोत आणि तिथूनच कृषी कार्यालयात जाणार आहोत. तुमच्याकडे असं पाकीट असेल तर जाळू नका, त्यावरचा नंबर लिहून ठेवा आणि आपल्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. माझ्या रजिस्टरमधलं पाकीट मी त्यांना दाखवायला कधीही घेऊन येईन.